श्वास मोजायचा की जुगाडाला टाळ्या वाजवायच्या?

‘जुगाड’ हा शब्द ऐकला की मला आता राग येतो. दर सहा महिन्यांनी कुठल्या तरी कॉलेजातल्या पोरांचा फोटो फिरत येतो. हातात थर्माकोलवर चिकटवलेला सर्किट बोर्ड, मागे स्पर्धेचा बॅनर आणि वर मथळा : ‘अवघ्या पाचशे रुपयांत श्वास मोजणारं यंत्र!’ आपण तो फॉरवर्ड करतो, खाली तिरंगा टाकतो आणि विसरून जातो. ते यंत्र पुढे कुठल्या ऑपरेशन थिएटरात गेलं, किती दिवस बरोबर आकडा दाखवत राहिलं, बिघडल्यावर कुणी दुरुस्त केलं, हे कुणी विचारत नाही. पोरांचा दोष नाही. त्यांना बक्षीस मिळतं ते पहिल्या दिवशी यंत्र चालू करून दाखवल्याबद्दल. तीनशेव्या दिवशी ते चालू असल्याबद्दल कुणी बक्षीस ठेवत नाही.

दुसऱ्या बाजूला टाय लावलेला कंपनीचा माणूस असतो. ‘सर, सेन्सर इम्पोर्टेड आहे, किंमत तेवढी राहणारच.’ तालुक्याच्या गावातला डॉक्टर हिशोब करतो आणि मॉनिटर घेतो, पण त्यातला श्वास मोजणारा भाग वगळून. मॉनिटरवर हिरवी, लाल, निळी रेषा धावते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेची जागा रिकामी राहते. ते मॉड्यूल ‘ऑप्शनल’ असतं.

एक बाजू स्वस्तातला तमाशा दाखवते, दुसरी महागातली मक्तेदारी राखते आणि टेबलावर झोपलेला माणूस दोघांच्या मधे पडून असतो. माझं म्हणणं सरळ आहे. भूल दिलेल्या माणसाचा श्वास मोजणारे सेन्सर स्वस्त झालेच पाहिजेत. पण ‘स्वस्त’ या शब्दात अचूकता, तपासणी आणि दुरुस्ती धरलेली असली पाहिजे. ती धरलेली नसेल, तर स्वस्त यंत्र म्हणजे गरिबाला दिलेला खोटा दिलासा.

कपिलधारहून बाहेर पडणारी वाट

मी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. घर बीड जिल्ह्यात, कपिलधारच्या शेजारी, बालाघाटच्या डोंगरात. पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की इथे रील्स करणाऱ्यांची गर्दी होते. कार्तिकात मन्मथ स्वामींच्या समाधीला लांबलांबून दिंड्या येतात. साधारण त्याच दिवसांत आमच्या भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि एक दिवस आजारी पडलं तरी खाडा.

याच बायकांबद्दल २०१९ मध्ये एक आकडा बाहेर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. शंभरात जवळपास सतरा. आमच्याकडे याला ‘पिशवी काढली’ म्हणतात, दात काढला म्हणावं तितक्या सहज.

ती ऑपरेशनं गरजेची होती का, कुणी किती पैसे कमावले, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि लिहायलाच हवं होतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुणीतरी १३,८६१ वेळा एका बाईला टेबलावर झोपवून भूल दिली. कुणाला कण्यात इंजेक्शन, कुणाला पूर्ण गुंगी. तेवढा वेळ त्या बाईचा श्वास दुसऱ्याच्या जबाबदारीवर होता. त्या श्वासाकडे काय लक्ष ठेवून होतं? ऑपरेशन आमच्यापर्यंत पोचलं. श्वास मोजायची सोय त्याच्या मागोमाग पोचली का? हा प्रश्न विचारणारा एकही मोर्चा मी पाहिलेला नाही.

तीन वायू, तीन प्रश्न

भूल दिलेल्या माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी मोजायच्या असतात. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती आहे? बाहेर येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे? आणि भुलीचं औषध, म्हणजे आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेनची वाफ, खरोखर किती चालली आहे?

‘बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतोच की,’ असं तुम्ही म्हणाल. तो हवाच. पण तो उशिरा बोलतो. समजा, श्वासनलिकेत घालायची नळी अन्ननलिकेत गेली. अनुभवी भूलतज्ज्ञाच्या हातूनही हे होऊ शकतं. नळी घालण्याआधी रुग्णाला काही मिनिटं ऑक्सिजन दिलेला असतो, त्यामुळे फुप्फुसांत साठा असतो. बोटावरचा आकडा काही मिनिटं ९८, ९९ दाखवत राहतो. तो खाली घसरू लागतो तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

कॅप्नोग्राफ हे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो, आपण सोडलेल्या श्वासाच्या शेवटी तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. नळी बरोबर जागी असेल तर प्रत्येक श्वासाला पडद्यावर एक टेकाड उमटतं. जागा चुकली असेल तर पाच-सहा श्वासांत रेषा सपाट. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने याच गोष्टीची मोहीम चालवली. तिचा मथितार्थ असा : रेषा नाही, म्हणजे जागा चुकली. तिथेच २०११ मध्ये श्वासमार्गाच्या अपघातांचा देशव्यापी आढावा प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात अशा अपघातांत मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्या प्रकरणांपैकी ७४ टक्के प्रकरणांत कॅप्नोग्राफ न वापरणं हे एक कारण होतं. हा श्रीमंत देशाचा आढावा आहे. आपल्याकडे असा आढावा निघाला तर काय दिसेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

ऑक्सिजन मोजण्याची गरज समजायला इंदूरपर्यंत जाऊ. मे २०१६ मध्ये तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नव्या ऑपरेशन थिएटरात ऑक्सिजनच्या पाइपातून नायट्रस ऑक्साइड आला आणि दोन लहान मुलं दगावली. पाइप जोडताना झालेली चूक भिंतीमागे होती, डोळ्यांना दिसणार नव्हती. भुलीच्या मशीनच्या श्वासनळीत बसवलेला चालू स्थितीतला ऑक्सिजन सेल असल्या प्रसंगी आकडा कोसळताना दाखवतो आणि ओरडतो. हा सेल काही हजार रुपयांना मिळतो. पण तो बॅटरीसारखा झिजतो, एक-दोन वर्षांत संपतो. संपला की मशीन सारखं बोंबलतं. मग काय करतात, ते मी पाहिलेलं आहे. अलार्म बंद करतात.

तिसरी मोजणी भुलीच्या वाफेची. ही तर चैनच समजली जाते. पण बीडचा मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या वर, वीज गेलेली, जनरेटरवर एसी चालत नाही. भुलीच्या औषधाची वाफ करणारं व्हेपोरायझर हे उपकरण तापमान सांभाळून घेतं, पण साधारण १५ ते ३५ अंशांपर्यंत. त्याच्या वर डायलवर लिहिलेला आकडा आणि नळीतून जाणारी वाफ यांचा मेळ सुटू शकतो. आयसोफ्लुरेन ४८.५ अंशांना उकळतं. आमच्या उन्हाळ्यापासून हा आकडा फार लांब नाही. म्हणजे ज्या थंडगार थिएटरांत वाफ मोजायची सोय असते, तिथे तिची गरज कमी, आणि जिथे गरज जास्त, तिथे सोय नाही.

निजामाने पैसे मोजले होते

‘श्वासाकडे बघा’ हे सांगायला लंडनहून कुणी यायची गरज नाही. ते आमच्याच जुन्या राज्यात सांगून झालं आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानात १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. क्लोरोफॉर्म देताना माणसं का मरतात, आधी श्वास थांबतो की आधी हृदय, हा तेव्हा जगभर वाद होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत होते, आधी श्वास थांबतो. निजामाने १,००० पौंड देऊन ‘लॅन्सेट’चा प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला बोलावलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून अनेक जण जिचं नाव घेतात, ती रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादची.

कमिशनचा निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला : भूल देताना लक्ष श्वासावर ठेवा. हा निष्कर्ष पूर्ण बरोबर नव्हता. १९११ मध्ये लेव्ही या शास्त्रज्ञाने दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून थेटही मारू शकतो. दोन्ही बाजूंकडे सत्याचा तुकडा होता. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. भूल देताना माणूस का मरतो, हा प्रश्न सरकारी पैसे घालून, मोजून, जाहीरपणे तपासण्यासारखा आहे, असं १३० वर्षांपूर्वीच्या एका राजाला वाटलं. आज आपल्या राज्यात हा प्रश्न बहुतेक वेळा नातेवाइकांनी फोडलेल्या काचांत आणि पोलीस ठाण्यातल्या तडजोडीत संपतो. डॉक्टर मार खातो, घरचे मूठभर पैसे घेऊन जातात, आणि श्वास नेमका कधी थांबला याची नोंद कुठेच नसते.

ऑक्सिमीटर स्वस्त कसा झाला

स्वस्त होणं शक्य आहे, याचा पुरावा तुमच्या घरातल्या कपाटात पडला आहे. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. कित्येक वर्षं ते यंत्र मोठ्या रुग्णालयांतच दिसायचं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की जगातल्या ७७ हजारांहून अधिक ऑपरेशन थिएटरांत ऑक्सिमीटर नाही. पुढच्याच वर्षी अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी ‘लाइफबॉक्स’ ही संस्था काढली. गवांदे म्हणजे मूळच्या विदर्भातल्या कुटुंबातला मुलगा, अमेरिकेतला सर्जन. त्या संस्थेने गरीब देशांसाठी दणकट, तपासलेला, कमी किमतीचा ऑक्सिमीटर पुरवला आणि सोबत तो वापरायचं प्रशिक्षण दिलं.

मग कोरोना आला. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले आणि त्यांचं यंत्र तेव्हा आशाताईंच्या पिशवीत जाऊन बसायला लागलं होतं. मागणी वाढली, तशी लूटही वाढली. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याआधी वितरकापासून छापील किमतीपर्यंतचा हा नफा ७०९ टक्क्यांपर्यंत जात होता, असं सरकारनेच सांगितलं. तेव्हा ‘सेन्सर महाग असतो’ हे वाक्य ऐकाल तेव्हा विचारा : सेन्सर महाग आहे, की त्याच्यापासून माझ्यापर्यंतची साखळी?

पण ऑक्सिमीटरचा धडा इथे संपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा आढळली. यंत्र प्रकाशावर चालतं आणि त्वचेचा रंग प्रकाश अडवतो. दिवसभर उसाच्या फडात रापलेल्या बाईच्या बोटावर एखादं निनावी यंत्र किती खरं बोलतं, हे कुणी तपासायचं? किंमत खाली आली, तपासणी तिच्याबरोबर आली नाही, तर असं होतं.

अवघड काय आहे

पाचशे रुपयांच्या मथळ्याकडे परत येऊ. खोलीतल्या हवेचा कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर आज काही हजारांत ऑनलाइन मिळतात. तत्त्व तेच : हा वायू ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश शोषतो. मग तोच सेन्सर नळीला लावला की झाला कॅप्नोग्राफ?

होत नाही. माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला चार सेकंद. तान्ह्या बाळाचा श्वास दीड सेकंदाचा. खोलीचा सेन्सर बदल ओळखायला कित्येक सेकंद घेतो, म्हणजे तो टेकाडं दाखवणार नाही, सगळ्यांची मिळून सपाट सरासरी दाखवेल. आणि सपाट रेषेचा अर्थ काय होतो, ते वर सांगितलं. दुसरी अडचण पाण्याची. उच्छ्वास दमट असतो, थंड नळीत त्याचे थेंब होतात आणि सेन्सरच्या काचेवर बसतात. तिसरी अडचण नायट्रस ऑक्साइडची. तो ४.५ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणजे अगदी शेजारी, आणि आकडा बिघडवतो. ऑक्सिजनचंही तसंच. ध्वनीच्या वेगावरून ऑक्सिजन मोजणारे न झिजणारे सेन्सर कॉन्सन्ट्रेटरमध्ये छान चालतात, कारण तिथे फक्त ऑक्सिजन आणि नायट्रोजन असतो. त्यात भुलीचा वायू मिसळला की त्यांचं गणित कोलमडतं.

यातली एकही अडचण न सुटणारी नाही. जलद अवरक्त दिवे आहेत, काच गरम ठेवता येते, नायट्रस ऑक्साइडची वजाबाकी करता येते. आणि यंत्र किती अचूक हवं, तेही लिहून ठेवलेलं आहे. श्वासवायू मोजणाऱ्या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, म्हणजे आयएसओ ८०६०१-२-५५ नुसार, कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीतली चूक ०.४३ टक्के अधिक वाचनाच्या ८ टक्के, यापेक्षा जास्त चालत नाही. ही काही चंद्रावर जायची अट नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनो, तुमच्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर किमतीआधी हा आकडा लिहा. मग तुमच्यासाठी टाळ्या वाजवायला मी सगळ्यात पुढे असेन.

स्वस्त आणि सैल

सैलपणाची किंमत मराठवाड्याने मोजलेली आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पीएम केअर्समधून औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १५० व्हेंटिलेटर मिळाले. वापरायला काढलेली ११३ यंत्रं सदोष आढळल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं आणि न्यायालयाने ते अत्यंत गंभीर मानलं. केंद्राचं म्हणणं वेगळं होतं : यंत्रं ठीक आहेत, वापरणाऱ्यांना नीट वापरता येत नाहीत.

खरं कोण, यात मी शिरत नाही. दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी लाज तेवढीच राहते. यंत्र सदोष असेल तर ते तपासल्याशिवाय पाठवलं गेलं. आणि वापरणाऱ्याला येत नसेल, तर त्याला शिकवल्याशिवाय पाठवलं गेलं. खोकं पोचलं की काम झालं, ही आपली सरकारी समजूत आहे. देणगीदारांचीही तीच. फीत कापतानाचा फोटो निघतो, सेल बदलतानाचा निघत नाही.

आकडेच बोलायचे तर, २०१५ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाच्या मोजणीत वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद आढळली होती. त्या कार्यक्रमात लक्ष्य ठरलं : जिल्हा रुग्णालयात यंत्रं ९५ टक्के वेळ चालू हवीत, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. म्हणजे गाव जितकं लहान, तितकं बंद यंत्र आपल्याला जास्त चालतं, हे आपण कागदावरच मान्य केलं आहे.

‘डोळे आणि हात पुरे आहेत’

आता माझ्याविरुद्धचे मुद्दे. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला सुनावलं होतं, ‘अरे, तीस वर्षं हाताने पिशवी दाबून भूल दिली. पिशवी हाताला सांगते श्वास कसा चाललाय ते. तुझ्या यंत्राच्या आधीही माणसं उठून घरी जात होती.’ मी म्हटलं, ‘सर, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण तुमचा हात तुमच्याबरोबर दुसऱ्या गावाला जातो. इथे मागे राहते ती सिस्टर.’ ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. अनुभवी हाताला यंत्राची गरज कमी वाटते, हे खरं. यंत्र असतं ते रात्री तीनच्या सिझेरियनला, झोप न झालेल्या माणसासाठी.

दुसरा मुद्दा पैशांचा. ‘छोट्या दवाखान्यावर सक्ती केली तर तो बंद पडेल, बाई बीडला पोचेपर्यंत रस्त्यात बाळंत होईल.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघाने २०१८ मध्ये मानकं काढली, त्यांनाही हाच पेच पडला. नळी घातलेल्या रुग्णासाठी अखंड कॅप्नोग्राफीची त्यांनी शिफारस केली, पण ती सर्वांत वरच्या, म्हणजे जवळपास सक्तीच्या पायरीवर जाईल ती दणकट आणि रास्त किमतीची यंत्रं मिळू लागल्यावर, असं म्हटलं. म्हणजे बघा : नियम थांबला आहे किमतीसाठी, किंमत थांबली आहे मागणीसाठी आणि मागणी थांबली आहे नियमासाठी. या गोल फेऱ्यात कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं. ते सरकारने टाकायचं असतं, कारण एकगठ्ठा खरेदी करून किंमत पाडायची ताकद त्याच्याच हातात आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात बोचरा. ‘नको असलेली पिशवी काढणाऱ्याला सेन्सर देऊन काय साधणार? लूट सुरक्षित होईल, एवढंच.’ हे खरं आहे की सेन्सर नीतिमत्ता मोजत नाही. पण वेळ नोंदवणारं यंत्र नोंद मागे ठेवतं : भूल कधी सुरू झाली, किती वेळ चालली, श्वासाचं काय झालं. आज ऊसतोड बाईच्या हातात बहुतेक वेळा फाटकी फाइल असते, कधी तीही नसते. ती नोंद तिची असेल, तिच्या मोबाइलवर येईल, तर पुढच्या चौकशी समितीला घरोघर जाऊन आठवणी गोळा कराव्या लागणार नाहीत.

काय हवं आहे

पहिलं, यंत्र ओटीच्या भिंतीसाठी बनवू नका, भूलतज्ज्ञाच्या बॅगेसाठी बनवा. आमच्याकडे मॉनिटर एका जागी असतो आणि भूलतज्ज्ञ फिरतो. एक माणूस दिवसात दोन-तीन गावं करतो. त्याच्या बॅगेत मावणारा, बॅटरीवर चालणारा, धूळ आणि चाळीस अंश सोसणारा कॅप्नोग्राफ असेल, तर एका यंत्रात तीन दवाखाने भागतील आणि देखभालीला एकच यंत्र राहील. मोठ्या कंपन्यांना हे सुचत नाही, कारण त्यांना तीन यंत्रं विकायची असतात.

दुसरं, तपासणीची सोय जवळ हवी. महाराष्ट्र सरकारच्या मदतीने आयआयटी मुंबईत २०१४ पासून वैद्यकीय उपकरणांसाठी ‘बेटिक’ हे केंद्र चालू आहे, त्याचं जाळं नागपूर आणि पुण्याच्या महाविद्यालयांपर्यंत गेलं. चांगली गोष्ट आहे. आता ते जाळं अंबाजोगाईपर्यंत आणा. तिथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, भूलशास्त्र विभाग आहे, रुग्ण आहेत, उन्हाळा आहे. माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू भरलेलं एक सिलेंडर आणि ते वापरू जाणणारा एक तंत्रज्ञ, एवढ्याने जिल्ह्यातल्या सगळ्या सेन्सरांची सहामाही तपासणी होऊ शकते.

तिसरं, नफ्याची मर्यादा घरगुती उपकरणांवरच थांबवू नका. कॅप्नोग्राफचं मॉड्यूल, सॅम्पलिंग लाइन, वॉटर ट्रॅप, ऑक्सिजन सेल यांवरही ती घाला. कंपन्या यंत्र कमी नफ्यात देतात आणि नळीत कमावतात, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

चौथं, नर्सिंग होमच्या नोंदणीच्या वेळी तपासनीसाने फक्त कागद बघू नयेत. भुलीचं मशीन चालू करायला सांगावं, ऑक्सिजन सेलची तारीख वाचावी आणि स्वतः नळीत फुंकर मारून टेकाड उमटतं का ते पाहावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि शेवटचं तुमच्यासाठी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात या वर्षी कुणाचं तरी ऑपरेशन होईल : बहिणीचं सिझेरियन, वडिलांचा हर्निया, मामींची पिशवी. तुम्ही हॉस्पिटलचे स्टार बघाल, रूमला एसी आहे का विचाराल, पॅकेज किती ते विचाराल. त्यात एक प्रश्न वाढवा : ‘डॉक्टर, भूल देताना कार्बन डायऑक्साइड मोजणार ना?’ उर्मटपणे नको, नीट विचारा. चांगला डॉक्टर चिडणार नाही, उलट त्याला तो भाग विकत घ्यायला कारण मिळेल. शंभर जणांनी विचारलं तर मॉनिटरवरची ती रिकामी जागा भरेल. आणि मग पाचशे रुपयांच्या यंत्राचा फोटो आला, तर फॉरवर्ड करण्याआधी त्या पोरांनाही विचारा : तीनशेव्या दिवशी हे काय दाखवतं?